डावीकडची सीट

सावंत मॅडमनी बडीशेपेची डबी उघडली की शिकणारा पास झाला, असं आमच्या बिल्डिंगमध्ये समजलं जायचं. आरटीओची परीक्षा त्यानंतरची.

मॅडम ड्रायव्हिंग शिकवायच्या. भाईंदर पूर्वेला बायकांना शिकवणाऱ्या बाई म्हणून सगळे त्यांना ओळखायचे. त्या कायम डावीकडच्या सीटवर. शिकवण्याच्या गाडीत असते तशी ब्रेक आणि क्लचची दुसरी जोडी त्यांच्या पायांशी असायची, आणि डावा हात खिडकीच्या वरच्या हँडलला. तो हात वर आहे तोवर तुमच्यावर त्यांचा विश्वास नाही हे ओळखायचं. त्या रागवायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत, पण हात खाली यायचा नाही. मग कधीतरी, एखादं अवघड वळण नीट घेऊन झाल्यावर, तो हात आपोआप खाली उतरायचा. पर्स उघडायची. स्टीलची चपटी डबी बाहेर यायची. तळहातावर थोडी बडीशेप घेऊन त्या एकेक दाणा तोंडात टाकत बाजूच्या खिडकीतून दुकानं बघायला लागायच्या. समोर बघायच्याच नाहीत. समोरचं तुमच्यावर सोपवलेलं असायचं.

शिकणाऱ्याला मात्र त्यातला दाणा मिळायचा नाही. कोणी मागितलाच तर म्हणायच्या, "गाडी चालवताना खायचं नाही."

मला कोणाबद्दल लिहायचा सराव नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि अजूनही वर्गात हात वर करताना मी आधी दोनदा विचार करते. माझे बाबा त्या बिल्डिंगचे वॉचमन. पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत आम्ही राहायचो. आता ती बिल्डिंग पाडली आहे, नवी उंच बांधताहेत. सगळे पांगले. मॅडम विरारच्या पुढे कुठेतरी भाड्याने गेल्या असं ऐकलं. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. लालबागहून लग्नानंतर इकडे आल्या, मूल नाही, नवरा मुंबईत बस चालवायचा, एवढंच. पण मला जे दिसलं ते लिहावंसं वाटतं, कारण ते विसरायला होत नाही.

मी बारावी पास झाले त्या दिवशी त्या पंपाच्या खोलीत पेढे घेऊन आल्या. कॉलेजला जाणार ना, असं विचारलं. मी मान हलवली. "मग गाडीपण शिक," म्हणाल्या. बाबा गडबडले. आमच्याकडे सायकलसुद्धा नाही, हे त्यांनी सांगून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "गाडी असायला लागते कशाला? जमतं हे माहीत असायला लागतं."

त्यांच्या अशा काही वाक्यांवर अर्धं भाईंदर गाडी शिकलं असेल. "ब्रेक मारायचा नसतो, दाबायचा असतो." "हॉर्न म्हणजे शिवी नव्हे." गुजराती बायकांना त्या हिंदीत तेच सांगायच्या, "बेन, ब्रेक को प्यार से." सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "आरसा बघा, मग ब्रेक." त्या क्रमात कोणी चुकलं की शांतपणे गाडी बाजूला घ्यायला लावायच्या आणि परत पहिल्यापासून. मला तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात केबिन रोडवर नेलं होतं, संध्याकाळी, भाजीच्या गर्दीत. मी म्हटलं, मॅडम, मोकळ्या रस्त्यावर शिकू या ना. त्या म्हणाल्या, "मोकळा रस्ता कुठे आहे भाईंदरमध्ये? दाखव, जाऊ."

आणि एक नियम होता, तो त्यांनी कधीच मोडला नाही. ज्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा नाही ती रस्त्यावर न्यायची नाही. कोणासाठीही नाही, कितीही थोड्या अंतरासाठी नाही.

आता त्या गाडीबद्दल.

मॅडमची पहिली गाडी एक जुनी चंदेरी सेडान होती. लांब नाकाची, मागे डिकी असलेली. पुष्कळ वर्षं शिकवण्यात झिजली, मग त्यांनी दुसरी छोटी गाडी घेतली आणि ही कंपाउंडच्या कोपऱ्यात पत्र्याखाली उभी राहिली. विकली नाही. त्याच सुमारास सावंत काकांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. साखरेने जखम चिघळली होती. आयुष्यभर बस चालवलेला माणूस पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत बसायला लागला, आणि दवाखान्याशिवाय खाली उतरेनासा झाला.

मॅडमनी कोणाला काही सांगितलं नाही. एक दिवस त्या सेडानवरचं कव्हर निघालं. मग रोज सकाळचे क्लास आटोपले की त्या जुना पंजाबी ड्रेस घालून गाडीत शिरायच्या. केबिन रोडच्या टोकाला एक गॅरेजवाला होता, त्याच्याकडून वेल्डिंग करून आणायच्या, बाकीचं स्वतः. ड्रायव्हरच्या पायाशी असलेले पेडल त्यांनी कापून काढले आणि स्टिअरिंगपाशी दोन लिव्हर आणल्या. एक ओढली की गाडीला वेग, दुसरी पुढे ढकलली की ब्रेक. सगळं हातांनी. ड्रायव्हरची सीट दाराबाहेर वळेल अशी केली, म्हणजे कुबड्या घेऊन आलेल्या माणसाला आत बसता यावं. मागची अर्धी सीट काढून व्हीलचेअरला जागा केली. डावीकडची त्यांची स्वतःची पेडलची जोडी मात्र तशीच ठेवली. काचा काढून, रंग खरवडून राखाडी प्रायमरचे पट्टे मारले होते. ती गाडी बघून मुलं हसायची, मॅडमना त्याचं काही नव्हतं.

काका वरून बघायचे. त्यांची खुर्ची खिडकीशीच होती. मी गेटजवळ अभ्यासाला बसायचे तेव्हा दोघं दिसायचे, खाली त्या गाडीत डोकं घालून आणि वर ते गज धरून. बोलणं नाही. मला वाटायचं, सगळं ठरलेलं असणार. बोलायची गरज नसेल.

ठरलेलं काहीच नव्हतं. ज्या संध्याकाळी सीट पहिल्यांदा नीट वळली, त्या संध्याकाळी मॅडमनी तोंडावरचा घाम पुसून वर हाक मारली, "अहो, खाली या ना. सीट बघून घ्या."

कंपाउंडमध्ये बायका बसल्या होत्या, मुलं खेळत होती. काका खिडकीतून म्हणाले, "मी बस चालवली आहे. ही हातगाडी मला नाही चालवायची."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मॅडमनी पाने-पक्कड पुसून पिशवीत भरली. सीट आत वळवली, दार लावलं. कव्हर ओढून चारी कोपरे बांधले, आणि हात धुऊन वर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळचा क्लास वेळेवर सुरू झाला. कव्हर मात्र पुन्हा निघालं नाही. वेगाची लिव्हर मध्येच अडकत होती ती अडकतीच राहिली, क्लच हाताशी आणायचं काम अर्धं राहिलं, डॅशबोर्डच्या वायरी बाहेर लोंबत होत्या त्या तशाच.

मग बिल्डिंग पाडायचं ठरलं.

सेक्रेटरी शहाभाई भला माणूस होता, पण बिल्डरने त्याच्यामागे घाई लावली होती. कंपाउंड रिकामं हवं होतं. बाकीच्या गाड्या गेल्या. एक सेडान राहिली. शहाभाईंनी मॅडमना दोनदा-तीनदा सांगितलं, मग एका सोमवारी येऊन म्हणाले, "मॅडम, संडे तक देखो. उसके बाद भंगारवाला आएगा, फिर मेरे हाथ में कुछ नहीं."

भंगारवाला येऊन बघून गेलाच होता. त्याने गाडीच्या बाजूने एक फेरी मारली, बोटांनी पत्रा वाजवला आणि कापायला किती वेळ लागेल ते त्याच्या माणसाला सांगितलं. मॅडम तिथेच उभ्या होत्या. तो गेल्यावर त्या पंपाच्या खोलीत आल्या आणि मला म्हणाल्या, "स्वाती, मोबाईलवर जाहिरात टाकतात ती कशी टाकायची? तू लिही. तू कॉलेजची आहेस."

मी मनापासून लिहिलं. सुंदर जुनी सेडान, खास बदल केलेली, थोडं काम बाकी. त्यांनी वाचलं आणि थोडं काम म्हणजे काय, असं विचारलं. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: वेगाची लिव्हर अडकते, क्लचचं काम अर्धं, वायरिंग उघडं, रंग नाही, काचा नाहीत, आरटीओची तपासणी बाकी, आज रस्त्यावर चालवण्याजोगी नाही. मी भीत भीत म्हटलं की मॅडम, असं वाचून कोण येईल? "ज्याला खरंच हवी आहे तो येईल," त्या म्हणाल्या. पण मोबाईल परत घेताना त्यांनी मला विचारलं की रविवारच्या आत लोक बघतात ना हे, आणि तेव्हा मला कळलं की त्याही घाबरलेल्या आहेत.

बुधवारी मीरा रोडहून मुलांचा घोळका आला. जुन्या गाड्या घेऊन भन्नाट काहीतरी करायचा त्यांचा छंद होता. त्यांना गाडीचं नाक आवडलं. एकजण झोपून खालून फोटो काढत होता. शहाभाई खूश झाले, बाबाही जवळ येऊन उभे राहिले. मुलगा म्हणाला, "आंटी, ये लिवर-शिवर सब निकाल देंगे. नीचे करेंगे, पीछे बडा एग्झॉस्ट लगाएंगे. एकदम शेर बना देंगे."

मॅडमनी विचारलं, "लिवर किसलिए है, मालूम है?"

तो म्हणाला, नहीं, पण काय फरक पडतो, काढायचीच आहे.

"फिर नहीं बेचनी," मॅडम म्हणाल्या आणि कव्हर ओढायला लागल्या.

शहाभाईंनी कपाळावर हात मारला. मुलं गेल्यावर ते बराच वेळ गुजरातीत स्वतःशीच बोलत होते. मॅडम वर गेल्या नाहीत. गाडीला टेकून उभ्या राहिल्या. खिडकीत काका होते. मी दोघांकडे बघायचं टाळत पुस्तकात बघत होते, एक ओळसुद्धा डोक्यात जात नव्हती.

गुरुवार गेला. शुक्रवारी कोणीतरी फोनवर फक्त टायरचं विचारलं. मॅडम क्लासला जायच्या, पण त्या दिवसांत मी त्यांच्या छोट्या गाडीत बसले तेव्हा त्यांचा हात हँडलवरून एकदाही खाली आला नाही. मी तर चांगली चालवत होते.

शनिवारी दुपारी मासळीचा छोटा टेम्पो गल्लीत आला आणि त्यातून आग्नेसताई उतरल्या. समुद्रकाठच्या पाली गावच्या. पन्नाशीच्या आसपासच्या, ठसठशीत, एक पाय लहानपणच्या पोलिओने बारीक झालेला, हातात काठी. टेम्पो त्यांच्या भावाचा होता. त्या सुकी मासळी विकायच्या, घरोघर आणि बाजारात. त्यांनी जाहिरात शब्द न् शब्द वाचली होती.

"मना रिक्षावाले घेत न्हाय," त्या मॅडमना म्हणाल्या. "म्हावऱ्याचा वास येतो बोलतात. भावाचा टेम्पो त्याच्या धंद्याला लागतो. मना माझी गाडी पायजे, हातान चालनारी. तुमी लिवलंय हातान चालते."

"अजून चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "तेही लिहिलंय."

"ते पन वाचलं."

मॅडमनी कव्हर काढलं. सीट बाहेर वळवली. आग्नेसताई त्यावर बसल्या, काठी मांडीवर घेतली, आणि सीट आत गेली तशा त्याही अलगद आत गेल्या. त्यांनी हात सीटच्या कडेवरून फिरवला. मग त्या म्हणाल्या, "ही कोनासाठी बनवली?"

"घरातल्या माणसासाठी."

आग्नेसताईंनी मान बाहेर काढून वर बघितलं. खिडकीतला माणूस आणि गजांना लावून ठेवलेल्या कुबड्या त्यांना दिसल्या असणार. त्या सरळ मोठ्याने म्हणाल्या, "दादा, तुमची गाडी मी नेऊ का?"

मला पळून जावंसं वाटलं.

"माझी नाही ती," काका म्हणाले. आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

मॅडमनी आग्नेसताईंकडे वळून प्रत्येक दोष दाखवायला सुरुवात केली. लिव्हर कुठे अडकते ते त्यांच्याच हाताने अडकवून दाखवलं. ब्रेकची लिव्हर मात्र चोख होती, ती त्यांनी पुनःपुन्हा दाबायला लावली. तासभराने व्यवहार ठरला. भाव कमी करा, असं आग्नेसताई म्हणाल्या नाहीत आणि मॅडमनीही जास्त सांगितला नव्हता. भाव ठरल्यावर मात्र खरी भानगड सुरू झाली.

आग्नेसताईंच्या भावाने टेम्पोतून जाड दोर काढला. उद्या सकाळी येतो, गाडी मागे बांधतो आणि पालीला नेतो, असा त्याचा साधा हिशोब होता. समुद्रात इंजिन बंद पडलेली होडी ते अशीच आणतात, दोर बांधून. मागच्या होडीत कोणी झोपलेलं असलं तरी चालतं.

"पालीपर्यंत नाही," मॅडम म्हणाल्या.

"वैनी, आमी बोटी वढतो. गाडी काय हाय?"

"पाण्यात पुढची होडी अशी एकदम थांबत नाही. टेम्पो थांबतो. तुम्ही ब्रेक दाबलात की ही मागून येऊन तुमच्यावर आदळणार. दोराने ओढता येतं, थांबवता नाही येत."

त्याला हे पटायला वेळ लागला. त्याने दोराकडे बघितलं, मग टेम्पोच्या मागच्या फळीकडे. मॅडमनी ठरवलं ते असं: गाडी फक्त केबिन रोडच्या टोकाच्या गॅरेजपर्यंत जाईल. तिथे उरलेलं काम होईल, तपासणी होईल, आणि मग आग्नेसताई शिकून ती स्वतः चालवत पालीला नेतील. आग्नेसताईंना शिकवायचं काम मॅडमनी स्वतःकडे घेतलं. गाडी उचलून नेणाऱ्याला त्यांनी लगेच फोन केला. पण गटाराच्या कामासाठी आमची गल्ली खणली होती. तो येऊन, बघून, आपली मोठी गाडी आत घालणार नाही म्हणून निघून गेला. छोटा टेम्पो तेवढा फळ्यांवरून येत होता. म्हणजे दोराला पर्याय राहिला नाही.

रविवारी सकाळी शहाभाई गेटवर खुर्ची टाकून बसले होते. भंगारवाल्याचा माणूसही आला होता, पानाच्या दुकानाशी उभा होता. गाडी आज हलली नाही तर उद्या त्याची, हे त्याला माहीत होतं.

मॅडमनी सगळं तपासलं. गाडीचं इंजिन चालू करायचं नव्हतं, लिव्हर अडकली तर गाडी बेभान झाली असती. आणि इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा जड होतो, स्टिअरिंगही. एकाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचं आणि दुसऱ्याने डावीकडून ब्रेक दाबायचा, असं त्यांनी ठरवलं. मॅडमच्या मनगटात जुन्या फ्रॅक्चरची धातूची पट्टी होती, एका हाताने जड स्टिअरिंग त्यांना झेपलं नसतं. ते माझ्या हाती द्यायलाही त्या तयार नव्हत्या, म्हणून दोन्ही हातांनी त्या स्वतः धरणार. भाऊ टेम्पो चालवणार. आग्नेसताईंनी रस्त्यावर कधी स्टिअरिंग धरलेलं नव्हतं.

"स्वाती, डावीकडे बस," मॅडम म्हणाल्या.

मॅडमच्या सीटवर. मी बसले. पाय पेडलवर ठेवले. खिडकीवरचं हँडल तिथेच होतं, त्यावरचा रंग एका ठिकाणी झिजून गेला होता. मला वाटलं, हात वर न्यावा की नको.

आधी कंपाउंडमध्येच चाचणी. टेम्पो हळू पुढे गेला, दोर ताणला गेला, गाडी हलली. मॅडमनी बाहेर हात काढून खूण केली तसा टेम्पो थांबला. दोर सैल पडला. मी पेडल दाबलं. ते हललंच नाही असं वाटलं. मी सगळा जोर लावला, आणि तरी टेम्पोची मागची फळी मोठी मोठी होत गेली. मॅडमनी स्टिअरिंग सोडून लिव्हर दोन्ही हातांनी ढकलली. गाडी थांबली तेव्हा आमचं नाक आणि ती फळी यांच्यात हात घालायलाही जागा नव्हती.

मॅडम मनगट दुसऱ्या हातात धरून बसल्या होत्या. "मॅडम, मला नाही जमणार," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्या रागावल्या नव्हत्या. पण त्या समोर बघत होत्या, आणि मला दिसलं की आता त्या आग्नेसताईंना नाही म्हणणार. ज्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा नाही ती रस्त्यावर नाही. केबिन रोडच्या टोकापर्यंतसुद्धा नाही. पानाच्या दुकानाशी उभा असलेला माणूस दोन पावलं पुढे आला.

तेवढ्यात वरून आवाज आला. "अगं, तिला उतरव. ते तिचं काम नाही."

खिडकी उघडी होती आणि खुर्ची रिकामी. मग जिन्यात कुबड्यांचा आवाज. बाबा धावले, पण काकांनी त्यांना नुसतं बाजूला उभं राहायला सांगितलं. एकेक पायरी, टक् आणि मग थांबणं. आम्ही सगळे त्या जिन्याच्या दाराकडे बघत होतो, फक्त मॅडम नाही. त्या अजून समोरच बघत होत्या, टेम्पोच्या फळीकडे.

काका गाडीशी आले. मॅडम उतरल्या. मी तर कधीच उतरले होते. मॅडमनी सीट बाहेर वळवली. काकांनी कुबड्या बाबांच्या हातात दिल्या, सीटवर बसले, आणि सीट त्यांना घेऊन आत गेली, ज्यासाठी ती बनवली होती तशी. त्यांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने ब्रेकची लिव्हर पुढे ढकलली. एवढी वर्षं बस वळवलेले ते दंड खिडकीत बसूनही काही बारीक झाले नव्हते. लिव्हर सरळ तळाला गेली.

"हा रॉड दोन बोटं लांब हवा होता," ते म्हणाले. "कोपर सीटला लागतं."

"तेव्हा सांगायचं होतं."

"तेव्हा बसलो नव्हतो."

गाडीला वळसा घालून मॅडम डावीकडे आल्या, बसल्या, दार लावलं. पाय आपल्या पेडलवर ठेवले. डावा हात वर गेला आणि हँडलला लागला. आग्नेसताई टेम्पोत भावाशेजारी जाऊन बसल्या आणि खिडकीतून मागे बघत राहिल्या.

कंपाउंडमध्ये पुन्हा एकदा चाचणी झाली. गाडी टेम्पोपासून लांबच थांबली. मग गेट, खणलेल्या गल्लीतल्या फळ्या. चालण्याच्या वेगाने सगळं चाललं होतं, म्हणून मीही बाजूने चालत निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं. गाडीला काचा परत बसवलेल्याच नव्हत्या, त्यामुळे आतलं बोलणं ऐकू येत होतं. बोलणं म्हणजे फक्त मॅडमचं. "सावकाश. डावीकडे खड्डा आहे. आरसा बघा." उभ्या जन्मात काकांना कोणी गाडी शिकवलीच नसावी असं, पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्याला सांगतात तसं. मला भीती वाटली की ते आता चिडतील आणि सगळं तिथेच थांबेल.

"बघितला, मॅडम," काका म्हणाले.

ते त्यांना मॅडम म्हणालेले मी पहिल्यांदा ऐकलं.

केबिन रोडला रविवारची गर्दी होती. मोसंब्यांची एक हातगाडी दुकानांमधून एकदम आडवी आली. टेम्पोने कचकन ब्रेक मारला. मी फुटपाथवर जागच्या जागी उभी राहिले. दोर सैल पडून रस्त्यावर लोळला आणि गाडी येतच राहिली. मॅडमची बोटं हँडलवर घट्ट झालेली मला दिसली. त्यांचा गुडघाही दिसला, दाबायला तयार असलेला, पण तो हलला नाही. काकांनी आरशात बघितलं, खरंच बघितलं, आणि मग लिव्हर पुढे गेली, दाबत दाबत, झटका न देता. गाडी थांबली. टेम्पोची फळी लांब होती. मध्ये दोर वेटोळं होऊन पडला होता आणि एक मोसंबं त्यावरून घरंगळत गेलं.

हातगाडीवाला शिव्या देत निघून गेला. काकांनी हॉर्न वाजवला नाही, तो चालतही नसावा.

टेम्पो हलला. दोर हळूहळू उठला, ताणला गेला. चंदेरी-राखाडी गाडी पुन्हा पुढे सरकली. मी तिथेच उभी राहून बघत होते. मॅडमचा डावा हात हँडलवरून खाली आला. पर्स उघडली. चपटी डबी बाहेर आली, झाकण निघालं, तळहातावर थोडी बडीशेप आली.

काका समोर बघतच काहीतरी म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

"गाडी चालवताना नाही," मॅडम म्हणाल्या, आणि झाकण लावून टाकलं.

गाडी गर्दीत पुढे गेली. पाठीमागच्या काचेच्या जागी मोकळी चौकट होती, त्यातून दोन डोकी दिसत होती. उजवीकडचं ताठ, रस्त्याकडे. डावीकडचं वळलेलं, बाजूला, साड्यांची दुकानं बघणारं, आणि मध्येच तोंडाकडे जाणारा हात, एका वेळी एक दाणा.